कपड्यांची पेटी

(शाळेच्या स्नेहसंमेलनात वेशभूषा स्पर्धा असते. तिच्यासाठी महागडे कपडे लागतात, असे अनेकांना वाटते. घरातील जुन्या कपड्यांपासून सोपे पोशाख कसे तयार करावेत आणि ते सर्वांच्या उपयोगासाठी कसे जपून ठेवावेत, हे या पाठात सांगितले आहे.)

डिसेंबर महिना आला की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होते. कुठे नाटकाची तालीम चालते, तर कुठे गाणी बसवली जातात. वेशभूषा स्पर्धेची सूचना फळ्यावर लागते. काही मुले लगेच आपली नावे देतात. त्यांचे पोशाख दुकानातून भाड्याने येतात. काही मुले मात्र गप्प बसतात. विचारले तर म्हणतात, "मला आवड नाही." खरे म्हणजे त्यांना आवड असते. घरी भाड्याचे पैसे मागायला त्यांना संकोच वाटतो.

मुलांनो, केवळ पैसे नाहीत म्हणून एखाद्या मुलाने किंवा मुलीने रंगमंचापासून दूर राहावे, हे बरे नाही. थोडी मेहनत आणि थोडी व्यवस्था असेल तर असे होणार नाही. वेशभूषेला पैशांपेक्षा निरीक्षण जास्त लागते.

तुम्ही बहुरूपी पाहिला आहे का? महाराष्ट्रात हे कलावंत पूर्वीपासून गावोगाव फिरत आले आहेत. बहुरूपी कधी पोलीस होऊन दारात उभा राहतो, तर कधी डॉक्टर होऊन येतो. लोक आधी दचकतात, मग हसतात. त्याच्याजवळ कपड्यांचे कपाट नसते. सगळे सामान एका गाठोड्यात मावते. पण तो माणसे बारकाईने पाहतो. पोलीस कसा उभा राहतो, आवाज कसा चढवतो, काठी कशी धरतो, हे त्याने पाहिलेले असते. म्हणून साध्या कपड्यांतही त्याचे सोंग हुबेहूब वठते.

आपल्या शहराला तर कापडाची मोठी परंपरा आहे. छत्रपती संभाजीनगर हे आपल्या शहराचे नाव २०२३ पासून रूढ झाले. त्याआधी ते औरंगाबाद या नावाने ओळखले जाई. येथील हिमरू कापड दूरवर प्रसिद्ध आहे. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये आपली राजधानी दौलताबादला आणली. त्या वेळी आलेल्या विणकरांनी ही कला येथे आणली, असे सांगतात.

हिमरूची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. राजे आणि अमीर किनखाब वापरत. किनखाब रेशमाचा असे आणि त्यात सोन्याचांदीची जर असे. तो फार महाग पडे. विणकरांनी सूत आणि रेशीम एकत्र विणून हिमरू तयार केले. त्यावर किनखाबासारखीच सुंदर वेलबुट्टी उठून दिसे, पण खर्च कमी येई. हिमरूच्या शेरवान्या आणि शाली निजामाच्या राज्यातही मानाने वापरल्या जात. म्हणजे कमी खर्चात शोभा कशी आणावी, हे आपल्या शहरातील कारागिरांनी फार पूर्वीच दाखवून दिले आहे. आज हातमागावर हिमरू विणणारे विणकर थोडेच उरले आहेत.

मशरू हे कापडही येथे विणले जाई. त्याची बाहेरची बाजू रेशमाची आणि अंगाला लागणारी बाजू सुताची असते. पुरुषांनी अंगाला लागेल असे रेशीम वापरू नये, अशी इस्लाममध्ये शिकवण आहे. विणकरांनी ती पाळली आणि कापडाची चमकही राखली. 'मशरू' या शब्दाचा अर्थ तुम्हांला सांगण्याची गरज नाही. तो तुमच्या ओळखीचा आहे.

कपड्यांच्या बाबतीत मराठी आणि उर्दू या भाषा एकमेकींच्या फार जवळ आहेत. पोशाख, रुमाल, शाल, अस्तर, जर, पायजमा हे शब्द मराठी माणूस रोज वापरतो. ते फारसीतून मराठीत आले. तुम्ही ज्याला 'जेब' म्हणता, त्याला मराठीत 'खिसा' म्हणतात. तोही मूळचा फारसी 'कीसा'च आहे. त्यामुळे कपड्यांविषयी मराठीत बोलताना बिचकू नका.

आता पोशाखाकडे वळू. आधी कोणाची भूमिका करायची ते ठरवावे. मग त्या व्यक्तीविषयी वाचावे, तिची चित्रे पाहावीत. ती व्यक्ती काय काम करत होती आणि त्या कामासाठी काय घालत होती, हे समजून घ्यावे. त्यानंतरच कात्री हातात घ्यावी. येथे तीन भूमिकांचा विचार करू.

पहिली भूमिका संत गाडगेबाबांची. त्यांचा जन्म १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. ते अंगावर ठिगळे लावलेले कपडे घालत. हातात खराटा आणि मातीचे गाडगे असे. त्या गाडग्यामुळेच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. एखाद्या गावात शिरले की ते आधी तेथील रस्ते झाडत. दिवसा गाव स्वच्छ करत आणि रात्री कीर्तनातून लोकांची मने स्वच्छ करत. १९५६ मध्ये त्यांचे निधन झाले. ही वेशभूषा करायला एक रुपयाही लागत नाही. पण नुसती ठिगळे लावून गाडगेबाबा होता येत नाही. रंगमंचावर खराटा खरोखर चालला पाहिजे.

दुसरी भूमिका मलिक अंबर यांची. त्यांचा जन्म दूर आफ्रिकेत, आजच्या इथिओपियात झाला. लहानपणी ते गुलाम म्हणून विकले गेले. पुढे दख्खनमध्ये येऊन, आपल्या कर्तबगारीने ते अहमदनगरच्या निजामशाहीचे वजीर झाले. १६१० च्या सुमारास त्यांनी खडकी हे शहर वसवले. तेच आपले शहर. शहराला पाणी देणारी नहर-ए-अंबरी ही त्यांचीच योजना. १६२६ मध्ये ते वारले. त्यांची कबर खुलताबादला आहे. जुन्या चित्रांत ते पांढऱ्या झग्यात दिसतात. कमरेला शेला आणि डोक्याला पगडी असते. ही भूमिका करण्यासाठी चेहऱ्याला काळा रंग लावू नये. कोणाच्या कातडीचा रंग हा पोशाख नव्हे. मलिक अंबर दाखवायचे असतील तर नहरीचा नकाशा हातात घ्यावा आणि पाणी शहरात कसे आणले ते चार वाक्यांत सांगावे.

तिसरी भूमिका हिमरू विणकराची. साधा पायजमा, सदरा आणि टोपी एवढे कपडे पुरेत. गळ्यात रंगीत धाग्यांच्या लडी अडकवाव्यात. हातात पुठ्ठ्याचा धोटा घ्यावा. तुमच्या मोहल्ल्यात एखादे वृद्ध विणकर असतील तर त्यांना भेटावे. ते धोटा कसा फेकतात ते पाहावे. ते जे सांगतील, तेच रंगमंचावर सांगावे.

या भूमिकांसाठी एक साधा झगा फार उपयोगी पडतो. तो शिवायला शिंप्याकडे जावे लागत नाही. जुनी, पण धड असलेली सुती चादर घ्यावी. ज्याच्यासाठी झगा शिवायचा त्याच्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचे माप घ्यावे. समजा ते ७५ सेंटिमीटर आले. त्याची दुप्पट १५० सेंटिमीटर. कडा दुमडण्यासाठी आणखी १० सेंटिमीटर धरावेत. म्हणजे १६० सेंटिमीटर लांब आणि ९० सेंटिमीटर रुंद कापड लागेल.

हे कापड लांबीत मधोमध दुमडावे. दुमडलेली बाजू खांद्यांवर येते. त्या बाजूच्या मध्यावर खडूने खूण करावी. खुणेच्या दोन्ही अंगांना १०-१० सेंटिमीटर कापावे. मग पुढच्या बाजूला मध्यावर खाली १२ सेंटिमीटरची चीर द्यावी. एवढ्या गळ्यातून डोके सहज जाते. गळा आधीच मोठा कापू नये. लहान गळा मोठा करता येतो, मोठा गळा लहान करता येत नाही. आता दोन्ही बाजूंना वरून २२ सेंटिमीटर जागा हातांसाठी मोकळी सोडावी. त्याखाली धावदोऱ्याने बाजू शिवाव्यात. चालताना पाय अडू नयेत म्हणून तळाशी १५ सेंटिमीटर बाजू उघडी ठेवावी. शेवटी सगळ्या कडा आत दुमडून बारीक टाके घालावेत. झगा तयार झाला.

तो अंगाला सैल होईल, पण कमरेला शेला बांधला की नीट बसेल. पांढऱ्या झग्यावर लाल किंवा हिरवा शेला बांधला की मलिक अंबर यांचा पोशाख झाला. त्याच झग्यावर रंगीबेरंगी ठिगळे कच्च्या टाक्यांनी लावली की गाडगेबाबांचा झाला. काम झाल्यावर टाके उसवले की झगा पुन्हा पहिल्यासारखा पांढरा.

पगडी बांधण्यासाठी दादीची किंवा अम्मीची जुनी ओढणी चालते. तिची लांब घडी घालून ती एका टोपीभोवती गुंडाळावी आणि चार-पाच ठिकाणी टाके घालावेत. मग पगडी टोपीसारखी काढता आणि घालता येते. दाढी कापसाची करावी. कापूस चेहऱ्याला डिंकाने चिकटवू नये. तो कापडाच्या पट्टीवर लावून पट्टीचे बंद कानांमागे बांधावेत. तलवार पुठ्ठ्याचीच असावी. तिचे टोक बोथट ठेवावे.

काही गोष्टींची काळजी घेतली पाहिजे. झगा घोट्याच्या वरच असावा, नाहीतर पायऱ्या चढताना पाय अडकतो. टाचणीऐवजी बंद होणारी पिन वापरावी. नायलॉनचे कापड पेट घेतले की वितळते आणि कातडीला चिकटते. म्हणून शक्यतो सुती कापड घ्यावे. मात्र सुती कापडही पेटते. त्यामुळे असा सैल पोशाख घालून दिव्याजवळ किंवा चुलीजवळ जाऊ नये. आणखी एक गोष्ट. जो कपडा कोणाला अजून घालता येईल, तो कधीही कापू नये. कात्री फक्त फाटलेल्या किंवा विटलेल्या कपड्यांना लावावी. आणि तीही घरच्यांना विचारूनच.

पोशाख तयार झाले, स्पर्धा संपली. पुढे काय? पुष्कळदा असे होते की पोशाख कोपऱ्यात पडून राहतात. उंदीर ते कुरतडतात, कसर लागते. पुढच्या वर्षी पुन्हा धावपळ! म्हणून शाळेत कपड्यांची एक पेटी असावी. पत्र्याची जुनी ट्रंक यासाठी उत्तम. ती आतून पुसून, उन्हात तापवून घ्यावी. तळाशी वर्तमानपत्रे अंथरावीत. कपडे धुऊन, पूर्ण वाळवूनच आत ठेवावेत. ओलसर कपड्याला बुरशी लागते. घड्यांमध्ये सुकवलेला कडुलिंबाचा पाला ठेवावा. डांबरगोळ्या वापरल्यास त्या कापडाच्या पुरचुंडीत बांधाव्यात. लहान मुलांच्या हाती त्या लागू देऊ नयेत.

जरीचा किंवा हिमरूचा कपडा कोणी दिला तर त्याला वेगळे जपावे. तो मऊ मलमलमध्ये गुंडाळावा, कडक उन्हात टाकू नये. वर्षातून दोन-तीनदा त्याची घडी बदलावी. एकाच घडीत कपडा फार दिवस राहिला तर तेथे जर तुटते आणि रेशीम चिरते.

पेटीत कपडे कोंबले तर हवा तो कपडा मिळत नाही. म्हणून मापाप्रमाणे तीन गठ्ठे करावेत. लहान मापाच्या कपड्यांच्या गळ्याला आतून लाल धागा, मध्यम मापाच्या कपड्यांना पिवळा धागा आणि मोठ्या मापाच्या कपड्यांना निळा धागा लावावा. पगड्या, शेले आणि दाढ्या वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवाव्यात. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा. एका वहीत क्रमांक, वस्तू, माप, नेल्याची तारीख आणि परत केल्याची तारीख लिहावी. परत करणाऱ्याने कपडा धुऊन द्यावा. टाका उसवला असेल तर शिवून द्यावा. हे काम मुलांनी आणि मुलींनी मिळून करावे. सुई-दोरा हाताळणे हे सर्वांनाच आले पाहिजे.

पेटीत केवळ सोंगाचे कपडे ठेवावेत असे नाही. मुले भराभर वाढतात. गणवेश फाटत नाही, पण आखूड होतो. तो धुऊन, गुंड्या लावून पेटीत ठेवला तर धाकट्या मुलाच्या उपयोगी पडतो. येथे मात्र एक नियम कसोशीने पाळावा. देणाऱ्याचे नाव कपड्यावर लिहू नये. घेणाऱ्याचे नाव फक्त गुरुजींच्या किंवा बाईंच्या वहीत असावे. वर्गात ते कोणाला कळता कामा नये. "हा सदरा माझा होता," असे एक वाक्य चारचौघांत उच्चारले गेले, तर घेणाऱ्याला तो सदरा अंगावर घालणे कठीण होते. आपण कपडा दिला, हे विसरणे हाच देण्याचा चांगला भाग आहे.

पेटीवर सर्वांचा सारखाच हक्क असावा. ज्याच्या घरी भरपूर कपडे आहेत, त्यानेही वेशभूषेसाठी पेटीतलाच झगा घ्यावा. मग पेटीतला कपडा म्हणजे गरिबाचा कपडा, असे कोणी म्हणणार नाही. सगळ्यांचे झगे सारखे असतील, तेव्हा पाहणारे कपड्यांकडे पाहणार नाहीत. कोणी भूमिका नीट समजून घेतली आहे, हेच ते पाहतील.

मुलांनो, पेटी सुरू करायला स्नेहसंमेलनाची वाट पाहू नका. या शुक्रवारी घरी विचारा. एक जुनी चादर, एक ओढणी, चार गुंड्या आणि थोडा दोरा एवढे मिळाले, तरी पहिला झगा शिवता येईल. वहीत त्याचा क्रमांक लिहा, एक.

शब्दार्थ

वेशभूषा – पोशाख व साज
हुबेहूब वठणे – अगदी खऱ्यासारखे दिसणे
शिंपी – दर्जी
कात्री – कैंची
ठिगळ – फाटक्या कपड्याला लावलेला कापडाचा तुकडा, पैबंद
खराटा – काड्यांचा मोठा झाडू
गाडगे – मातीचे लहान भांडे
धोटा – मागावर आडवा धागा नेणारे साधन
धावदोरा – सरळ, लांब टाक्यांची शिलाई
गुंडी – बटण
विटलेला – रंग उडालेला
कसर – कपडे खाणारी बारीक कीड
कसोशीने – अगदी काटेकोरपणे
संकोच – लाज, भीड

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) बहुरूपी आपले सामान कशात ठेवतो?
(२) हिमरू कापड कोणत्या दोन धाग्यांचे असते?
(३) खडकी हे शहर कोणी वसवले?
(४) गाडगेबाबांना हे नाव का पडले?
(५) ओलसर कपडा पेटीत का ठेवू नये?

प्र. २. रिकाम्या जागा भरा.
(१) मुहम्मद बिन तुघलकाने ......... मध्ये दौलताबादला राजधानी आणली.
(२) मलिक अंबर यांची कबर ......... येथे आहे.
(३) लहान मापाच्या कपड्यांना ......... रंगाचा धागा लावावा.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) देणाऱ्याचे नाव कपड्यावर का लिहू नये?
(२) भूमिका करण्यापूर्वी कोणती तयारी करावी?
(३) "कमी खर्चात शोभा कशी आणावी, हे आपल्या शहरातील कारागिरांनी दाखवून दिले आहे." या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

प्र. ४. हिशोब करा.
तुमच्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचे माप घ्या. पाठातील रीतीप्रमाणे झग्यासाठी किती लांबीचे कापड लागेल ते लिहा.

प्र. ५. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे कपड्यांसंबंधीचे पाच शब्द लिहा. प्रत्येक शब्दाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

उपक्रम : तुमच्या वर्गासाठी कपड्यांची पेटी तयार करा. तिच्यातील वस्तूंची यादी मराठीत लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा.